अठ्ठ्यांची जोडी आणि आटत चाललेला ढीग

पोकरमध्ये मधल्या जोड्यांनी मला जितक्या वेळा स्पर्धेबाहेर काढले आहे, तितक्या वेळा खरोखर वाईट पानांनी काढलेले नाही. दुर्री-सत्ती हाती आली की ती निमूटपणे टाकली जाते आणि एक्क्यांची जोडी आली की विचार करावाच लागत नाही. सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या आणि दश्श्या यांच्या जोड्या मात्र टाकवतही नाहीत आणि त्यांच्यावर सगळे लावण्याचा धीरही होत नाही. त्यातून समोरचा चिप्सचा ढीग दहा-बारा मोठ्या ब्लाइंडइतकाच (दर हाताआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमांपैकी मोठी) उरलेला असेल, तर माणूस ज्या दोन गोष्टी करायला नकोत त्यांच्या मधली तिसरीच गोष्ट करतो. टेक्सस होल्डेम म्हणजे हातातली दोन आणि टेबलावर सर्वांसाठी उघडणारी पाच पाने यांवर खेळायचे पोकर; त्याच्या स्पर्धेतील या एकाच प्रसंगाविषयी मला लिहायचे आहे.

आधी सवयीविषयी सांगतो, कारण माझ्या मते चुकीचे मूळ तिथे आहे. आम्हा बडोदेकरांच्या घरांत मेंढीकोट आणि बदाम सात लहानपणीच येतात, आणि शेजारच्या गुजराती घरांमुळे श्रावणातल्या सातम-आठमला तीन पत्तीही येते. तीन पत्तीत जोडीचे मोल बेताचेच असते. ती साधारण सहा हातांत एकदा, म्हणजे सुमारे १७ टक्के वेळा येते आणि तिच्याखाली केवळ सुट्या पानांचा हात असतो. म्हणून जोडी आली की माणूस एक चाल देतो, समोरच्याचा चेहरा पाहतो, आणखी एक चाल देतो आणि रंग बरा दिसेना झाला की पॅक करतो. होल्डेममध्ये हातातल्या दोन पानांची जोडी सतरा हातांत एकदा येते आणि तिचे मोल पुष्कळ अधिक असते. परंतु हात तोच राहतो आणि तो जुन्या सवयीने ‘एक चाल देऊन बघू’ म्हणतो. (ब्लाइंड या शब्दानेही आमच्याकडे बराच घोटाळा केला आहे. तीन पत्तीत पाने न पाहता खेळणे म्हणजे ब्लाइंड. होल्डेममध्ये तो बटणाच्या, म्हणजे दर हाताला पुढे सरकणाऱ्या वाटपाच्या जागेच्या, डावीकडच्या दोघांनी पाने वाटण्याआधी भरायचा कर असतो. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पहिले दोन महिने ब्लाइंड भरल्यावर आपली पाने उचलतच नसत.)

आम्ही कुठे खेळतो, हेही सांगून टाकतो. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी पोकर जुगारातच मोडतो असा निर्णय दिला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद झाले. त्यामुळे बडोद्यातल्या माणसाला दोनच वाटा उरतात. एक, कोकण रेल्वेने मडगाव गाठून पणजीला मांडवीतल्या जहाजांवर जायचे. दुसरी, घरातल्या घरात पैशांवाचून खेळायचे. दांडिया बाजारात दाजींच्या माडीवर शनिवारी रात्री जी स्पर्धा भरते, तिच्यात पूर्वी चिंचोके असत आणि आता प्लास्टिकच्या चिप्स आहेत. जिंकणाऱ्याला रविवारी सकाळी बाकीच्यांनी सेव-उसळ खिलवायची, एवढेच बक्षीस असते. तरीही ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढतात आणि ढीग आटला की घाम खराच येतो.

माझ्या चुकीचा नमुना मात्र गोव्याचा आहे. ब्लाइंड १,००० आणि २,००० होते, मोठ्या ब्लाइंडवाल्याने टेबलाचा अँटे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने हाताआधीची सक्तीची भर, म्हणून आणखी २,००० भरायचे होते आणि माझ्यासमोर २४,००० उरले होते, म्हणजे बारा मोठे ब्लाइंड. हाती नव्व्यांची जोडी आली. माझ्या आधीच्या एका गृहस्थांनी ४,५०० लावले. मी विचार केला की सगळे लावणे उतावीळपणाचे होईल, टाकणे भ्याडपणाचे होईल, तेव्हा तेवढेच भरून फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पाने, बघू. फ्लॉपवर राजा, राणी आणि चौकी आली. त्यांनी पुन्हा पैज लावली आणि मी नव्व्या खाली ठेवल्या. उरले १९,५००. पुढच्या फेरीत ब्लाइंड आणि अँटे भरून ते आणखी घटले, आणि शेवटी एक्का-पंजीवर सगळे लावले तेव्हा ते इतके थोडे होते की समोरच्याने पाने नीट न पाहताच कॉल केले, म्हणजे तेवढीच रक्कम भरली. परतीच्या गाडीत मी स्वतःला ‘नशीब फिरले’ असे सांगत होतो. त्यात नशिबाचा भाग किती होता, हे घरी आल्यावर कागदावर मांडले तेव्हा कळले.

नव्व्यांची जोडी घेऊन फ्लॉप पाहिला, तर त्या तीन पानांत दश्शी किंवा तिच्यावरचे निदान एक पान येण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के असते. अठ्ठ्यांना स्वतःहून मोठे पान दिसण्याची शक्यता ८७ टक्के, सत्त्यांना ९२ टक्के आणि दश्श्यांनाही ७० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे राजा-राणी दिसल्यावर मला जो अपशकुन वाटला होता, तो पाचांपैकी चार वेळा ठरलेलाच असतो. दुसऱ्या बाजूला, तिसरी नव्वी मिळून तिकडी होण्याची शक्यता जवळजवळ १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. मोठे ढीग असताना जाणकार खेळाडू लहान जोड्यांवर थोडे भरून फ्लॉप पाहतात, हे खरे आहे. पण त्यामागचा हिशेब असा असतो की सात-साडेसात वेळा गेलेली ती छोटी रक्कम एका तिकडीवर समोरच्याच्या मोठ्या ढिगातून वसूल होईल, आणि समोरचा प्रत्येक वेळी पूर्ण ढीग देत नसल्यामुळे मागे निदान पंधरा-वीस पट रक्कम शिल्लक असावी लागते. मी ४,५०० भरले तेव्हा माझ्यामागे १९,५०० होते, म्हणजे जेमतेम सवाचार पट. तिकडी लागली असती आणि त्या गृहस्थांनी सारे काही दिले असते, तरीही तो व्यवहार तोट्याचाच होता.

यातून निघणारी गोष्ट मला पचायला बराच वेळ लागला. मधल्या जोडीची किंमत फ्लॉप येण्याआधी सर्वाधिक असते आणि टेबलावर पडणारे पान बहुधा ती कमीच करते. अठ्ठ्या वेगवेगळ्या रंगांच्या एक्का-राजाविरुद्ध पाचही पाने उघडेपर्यंत सुमारे ५५ टक्के वेळा जिंकतात, एक्का-सत्तीविरुद्ध सुमारे ७० टक्के आणि पंज्यांविरुद्ध ८० टक्के. हे सारे आकडे ‘पाचही पाने उघडेपर्यंत’ या अटीवर उभे आहेत. मधेच फोल्ड करावे, म्हणजे पाने टाकावी लागली की ती ५५ टक्क्यांची मालकी आपण स्वतः सोडून देतो. छोट्या ढिगाचा एकमेव फायदा हाच की एकदा ऑल-इन झाल्यावर, म्हणजे सगळे लावल्यावर, पुढे कोणी आपल्याला घाबरवून बाहेर काढू शकत नाही, आणि बघू-बघू करणारा नेमका तोच फायदा टाकून देतो.

‘थांबलो असतो तर याहून चांगली पाने आली असती’ ही दुसरी समजूत. बॅकगॅमनचे प्रसिद्ध खेळाडू आणि गणितज्ञ पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून स्पर्धेतील एक माप ‘एम’ म्हणून ओळखले जाते. एका फेरीत भरावे लागणारे ब्लाइंड आणि अँटे यांच्या बेरजेने आपल्या ढिगाला भागायचे, की काहीच न खेळता किती फेऱ्या निघतील ते कळते. वरच्याच ब्लाइंडला २०,००० चा ढीग असेल तर बेरीज ५,००० आणि एम ४. नऊ जणांच्या टेबलावर चार फेऱ्या म्हणजे ३६ हात. आता गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांपैकी कोणतीही जोडी एका हातात येण्याची शक्यता १,३२६ पैकी २४ असते, आणि ३६ हातांत ती निदान एकदा येण्याची शक्यता ४८ टक्के भरते. म्हणजे मोठ्या जोडीची वाट पाहणाऱ्याला ढीग पुरता संपेपर्यंत ती न मिळण्याचीच शक्यता थोडी अधिक आहे, आणि मिळालीच तरी तोवर दुप्पट करायला काय उरलेले असेल हा प्रश्न वेगळाच. गंमत अशी की सत्त्यांपासून दश्श्यांपर्यंतच्या चार जोड्यांचेही गणित अगदी तेच आहे. त्या हाती येतात तेव्हा पुढच्या तेवढ्याच दुर्मीळ भेटीसाठी आपण हातची भेट नाकारत असतो.

तेव्हा, आपल्या आधी कोणीही पुढे आलेले नसेल आणि ढीग दहा मोठ्या ब्लाइंडच्या आसपास असेल, तर या चारही जोड्यांवर मी आता सगळे पुढे ढकलतो, मग जागा कोणतीही असो. बटणावर बसलेलो असताना अठ्ठ्यांचा हिशेब असा होतो. मागे दोघे उरले आहेत, आणि प्रत्येक जण आपल्या हातांपैकी वरच्या पाचव्या हिश्श्यावरच कॉल करील असे धरू. दोघेही पाने टाकण्याची शक्यता ६४ टक्के, आणि त्यात मधले ५,००० आपले होतात. सरासरीने हे ३,२०० झाले. उरलेल्या ३६ टक्के वेळा कोणी तरी कॉल करतो, तेव्हा अठ्ठ्यांचा वाटा निम्म्याहून किंचित अधिक, ५३ टक्के समजू; सुमारे ४३,००० च्या पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेतून, आपले २०,००० वजा जाता २,८०० उरतात, आणि त्याचे ३६ टक्के म्हणजे हजार. एकूण नफा ४,२००, त्यातला तीन-चतुर्थांश पाने न उघडताच मिळालेला. आपण अठ्ठ्यांच्या जोरावर जिंकतो असे वाटत असते, पण त्या ३,२०० मध्ये अठ्ठ्यांचा हात फारसा नसतो. तिथे समोरच्यांच्या नकाराचा हात असतो. अठ्ठ्या कामी येतात त्या नकार न मिळाल्यावर.

पहिल्या जागेवर, मागे आठ जण उरलेले असताना, मनात भीती असते की यांतल्या कोणाकडे तरी मोठी जोडी असणारच. अठ्ठ्यांबाबत ही शक्यता सुमारे २१ टक्के आहे. ती नगण्य नाही, पण ‘असणारच’ या शब्दापासून पुष्कळ दूर आहे. आणि गाठ पडलीच तरी पाचांतून एकदा अठ्ठ्या सुटतात.

मात्र ढकलणारा दुसरा कोणी असला की त्याच अठ्ठ्या निराळ्या होतात. एका सावध खेळाडूने पहिल्या जागेवरून दहा ब्लाइंड ढकलले आणि त्याच्याकडे नव्व्या किंवा त्यावरची जोडी, अथवा एक्का-राजा किंवा एक्का-राणी असेल असे मानले, तर जोड्यांच्या ३६ आणि एक्क्यांच्या ३२ अशा ६८ शक्यता होतात. पहिल्या गटाविरुद्ध आपण १९ टक्के आणि दुसऱ्याविरुद्ध ५५ टक्के जिंकतो, म्हणून सरासरी ३६ टक्के निघते. कॉल करायला लागतात ४४ टक्के. पाने खाली ठेवावीत. पण तेवढेच ब्लाइंड बटणावरच्या माणसाने ढकलले आणि तो कोणतीही जोडी किंवा कोणताही एक्का ढकलणारा असेल, तर त्याच अठ्ठ्या सुमारे ५९ टक्के जिंकतात आणि मोठ्या ब्लाइंडमधून कॉल न करणे हीच चूक ठरते. स्वतः पुढे येण्यापेक्षा पुढे आलेल्याला कॉल करायला अधिक चांगली पाने लागतात, हे तत्त्व डेव्हिड स्क्लान्स्की यांनी मांडले. ते मला तोंडपाठ होते, पण ३६ आणि ५९ हे दोन आकडे एकाखाली एक लिहीपर्यंत अंगवळणी पडले नव्हते.

बक्षिसांच्या सीमेवर ही दरी आणखी रुंदावते. चौघे उरले आहेत, चौघांचे ढीग सारखे आहेत आणि बक्षिसे तिघांनाच, ५०, ३० आणि २० टक्के अशी आहेत, असे समजा. प्रत्येकाच्या ढिगाची किंमत बक्षिसाच्या २५ टक्के झाली. आता दोघे ऑल-इन झाले आणि त्यांतल्या एकाचा ढीग दुप्पट झाला, तर त्याची किंमत ५० टक्के व्हायला हवी असे वाटते. परंतु मेसन माल्मुथ यांनी १९८७ मध्ये पोकरला लावलेल्या, आज आयसीएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रीतीने मोजले तर ती ३८.३ टक्केच भरते. दुसरा माणूस मात्र २५ वरून थेट शून्यावर येतो. त्यामुळे ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल करणाऱ्याला ६५ टक्के जिंकण्याची खात्री हवी, आणि अठ्ठ्यांना एक्का-राजाविरुद्ध ५५ च असतात. या जागी कॉल करण्यापुरत्या अठ्ठ्या टाकाऊ आहेत. मात्र हेच गणित समोरच्यालाही लागू असल्यामुळे आपण आधी ढकलले तर कॉल करणे त्याला जड जाते. टाकाऊ ठरलेल्या त्याच अठ्ठ्या दुसऱ्या बाजूने फार चांगल्या निघतात.

पंधरा ते वीस ब्लाइंड असतील तर कोणी तरी उशिराच्या जागेवरून केलेल्या छोट्या रेझवर (वाढवलेल्या पैजेवर) पुन्हा ऑल-इन करायला या जोड्या उत्तम, कारण तिथेही नकाराची आशा असते. तीन ब्लाइंडपर्यंत घसरल्यावर ती आशा संपते आणि मग विचार करण्यासारखे फारसे राहत नाही. या दोहोंच्या मध्ये, सहा-सात ब्लाइंडवर, एक डाव आहे जो मला सर्वांत आवडतो, आणि तो दाजींवर चालवण्याची संधी मिळाली म्हणून तर हा लेख लिहायला बसलो.

त्या शनिवारी ब्लाइंड तेच होते, १,००० आणि २,०००. मी मोठ्या ब्लाइंडमध्ये होतो. अँटे भरून माझ्याकडे १२,००० राहिले होते, त्यांतले २,००० ब्लाइंड म्हणून पुढे गेलेले. हाती बदाम आणि किलवरच्या अठ्ठ्या. दाजी बटणावर. बँकेत एकतीस वर्षे काढलेला हा माणूस चिप्सही नोटांसारख्या अंगठ्याने मोजतो. त्यांनी पाच चिप्स मोजून ५,००० पुढे केले. छोट्या ब्लाइंडने पाने टाकली. मी तिथेच ऑल-इन केले असते तर पॉट २०,००० चा झाला असता आणि दाजींना ७,००० भरायचे राहिले असते. २७,००० मधले ७,००० म्हणजे २६ टक्के. इतक्या स्वस्तात त्यांनी कोणत्याही पानांवर कॉल केले असते आणि मला नकार मिळण्याची काहीच आशा नव्हती. म्हणून मी फक्त ३,००० भरले, आणि फ्लॉप कसाही आला तरी उरलेले ७,००० आधी मीच ढकलायचे हे पाने उघडण्यापूर्वीच ठरवून टाकले.

इथवर वाचलेल्याला वाटेल की मी गोव्यातली चूकच पुन्हा केली. वरवर पाहता तसे दिसते, पण गोव्यात मी फ्लॉप पाहून ठरवणार होतो आणि इथे मला ठरवायचे काही उरलेच नव्हते. ठरवायचे होते ते दाजींना. फ्लॉपवर नव्वी, छक्की आणि दुर्री आली, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. मी उरलेल्या सात चिप्स पुढे सरकवल्या. पॉट पुन्हा २०,०००, दाजींना भरायचे पुन्हा ७,०००. भाव अगदी तोच होता; फरक इतकाच की आता त्यांनी तीन पाने पाहिली होती. एक्का-राजाला समोरच्या जोडीशी सामना असताना फ्लॉपवर काहीच न लागण्याचे प्रसंग तीनांत दोन असतात.

दाजींनी बराच वेळ चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग पाने उलटी करून टाकली आणि म्हणाले, “घे. एक्का-राजा होता माझ्याकडे. तुला नव्वी लागली ना रे?”

“दाजी, पाने दाखवायला पैसे पडतात,” मी म्हणालो. ताईने आतून सांगितले की साडेबारा वाजले आहेत आणि हा शेवटचा हात.

जाताना मात्र मी अठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी तिथेच कॅलेंडरचे जुने पान उलटे करून त्यावर हिशेब केला. तीन एक्के आणि तीन राजे, एकूण सहा पाने, न दिसलेली ४५, दोन संधी. मला तिसरी अठ्ठी लागण्याचे प्रसंग वजा करून साधारण २४ टक्के आले. हवे होते २६. “म्हणजे मी टाकली ते बरोबरच केले,” ते म्हणाले, आणि पेन खिशाला लावता लावता थांबले. “पण तुझ्या हाती राणी-गुलाम असता, तर? तर मी पुढे होतो.” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी कोणत्याही दोन पानांवर असाच ढकलणारा असेन, तर त्या फ्लॉपवर एक्का-राजाने २६ टक्क्यांच्या भावात कॉल करणेच योग्य. त्यांचे फोल्ड माझ्या अठ्ठ्यांपुरते बरोबर होते आणि माझ्यापुरते चूक होते. हे त्यांना मी समजावण्याची गरज पडली नाही. एकतीस वर्षे कर्जाचे अर्ज वाचलेल्या माणसाला ते कळलेच होते.

पुढच्या शनिवारी साडेसहा ब्लाइंडवर मला सत्त्या आल्या, दाजी पुन्हा बटणावर होते, आणि मी तसाच फ्लॉप पाहून तसेच सारे ढकलले. फ्लॉपवर गुलाम, पंजी, तिर्री. दाजींनी या वेळी चष्माही खाली केला नाही, अंगठ्याने चिप्स मोजल्या आणि कॉल म्हणाले. त्यांच्याकडे एक्का-दश्शी होती. टर्नवर, म्हणजे चौथे पान, दुर्री आली आणि रिव्हरवर, म्हणजे पाचवे, एक्का.

रविवारची सेव-उसळ माझ्याकडून झाली.